टोपीकरांची टोपी

'टोपी घालणे' या आपल्या भाषेतील प्रयोगाचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही एकाच दिवशी एकाच मुलाच्या वाट्यास यावेत असा योग सहसा येत नाही. आमच्या मुलुंडच्या घरी तो गेल्या मार्गशीर्षात आला. आमचा नातू इयत्ता आठवीत आहे. मुंजीत आलेल्या आहेराच्या पैशांतून त्याने आपल्या मामाबरोबर जाऊन मुंबईच्या चोरबाजारातून ३,५०० रुपयांस एक खाकी टोपी विकत आणली. टोपी लष्करी अंमलदाराची. वर तबकासारखी पसरट, डोळ्यांवर कापडाने मढविलेला छज्जा, त्यावर पिंगट चामड्याचा पट्टा, आणि कपाळाच्या जागी सिंह व शृंगाश्व यांचा पितळी बिल्ला. ती त्याने आमच्या पुढ्यातील वर्तमानपत्रावर ठेवली आणि म्हणाला, "आजोबा, अण्णाकाकांची टोपी परत आणली. अगदी अस्सल, दुसऱ्या महायुद्धातली."

हे ऐकून आम्हांस आनंद व्हावयास पाहिजे होता. तो का झाला नाही, हे सांगावयाचे म्हणजे आमच्या घरातील एक जुनी गोष्ट आणि आमचा स्वतःचा एक अपराध वाचकांपुढे मांडणे प्राप्त आहे.

अण्णाकाका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे बंधु. महायुद्ध चालू असता हिंदी तरुणांस तात्पुरत्या सनदा देऊन अंमलदार करण्याचा क्रम सरकारने मोठ्या प्रमाणावर सुरू केला होता, कारण पंचवीस लक्षांच्या घरात गेलेल्या सैन्यास पुरतील इतके गोरे अंमलदार कोठून आणावयाचे? काकांनी १९४२ साली कॉलेज सोडले, महू येथे शिक्षण घेतले व मराठा लाइट इन्फन्ट्रीत त्यांची नेमणूक झाली. पुढे ते इटलीत गेले. आमचे आजोबा त्या वेळी घाटकोपरास राहत असत. ते पक्के खादीधारी. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर जी सभा झाली तिला ते हजर होते, आणि त्यानंतर काही महिन्यांनीच त्यांचा हा मुलगा राजाचा मुकुट धारण करून रजेवर घरी आला! त्याने सवयीप्रमाणे दाराजवळच्या खुंटीवर टोपी अडकविली. आजोबा आतून आले, खुंटीवरील आपली पांढरी टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली व एवढेच म्हणाले की, "या खुंटीवर दोन टोप्या राहणार नाहीत." काकांनी आपली टोपी ट्रंकेत ठेवली. बापलेकांत यापरता एक शब्द झाला नाही. आणि आमचे वडील सांगत की, शब्द झाले असते तर बरे होते. १९४६ साली काका सैन्यातून मोकळे झाले, बँकेत चिकटले, आणि टोपी ट्रंकेतच राहिली.

काका १९८६ साली वारले. १९९१ साली आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील स्नेहसंमेलनात मुलांनी एक प्रहसन बसविले. त्यात एक कॅप्टन होता. आम्ही मोठ्या ऐटीने काकूंकडून ती टोपी मागून आणली. प्रयोग उत्तम झाला. टोपी मात्र पडद्यामागून जी गेली ती गेली. रंगभूषेचे सामान, भाड्याचे पोशाख, मुलांचे डबे यांच्या ढिगाऱ्यात आम्ही दोन दिवस शोध केला. काकूंना सांगावयास गेलो तो त्यांनी "असू दे" म्हणून विषय मिटविला. त्या 'असू दे'चे ओझे आम्ही तीस वर्षांहून अधिक वागविले. नातवास ही हकीकत ठाऊक होती, म्हणूनच त्याने आपली मुंजीची गंगाजळी फोडली. असा सद्भाव ज्या वस्तूमागे आहे ती वस्तु नकली आहे, हे कळावयास आम्हांस पाच मिनिटे लागली आणि सांगावयास दोन दिवस.

ते कसे कळले, हे थोडे विस्ताराने लिहितो. कारण हल्ली अशा वस्तू जमविण्याचा नाद आपल्या मुलांतही शिरला आहे.

पहिली गोष्ट मुकुटाची. इंग्रजी लष्करी बिल्ल्यांवर मुकुट असतो, पण तो सर्व काळी सारखा नसतो. महायुद्धात सहावे जॉर्ज गादीवर होते. त्यांच्या वेळच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या सरळ वर चढत जातात. पुढे दुसऱ्या एलिझाबेथ राणीने १९५२ साली गादीवर आल्यावर जो मुकुट पसंत केला त्याच्या कमानी मध्यभागी खोलगट, जणू दोन खांदे व मध्ये मान, अशा आहेत. नातवाच्या बिल्ल्यावर हा राणीचा मुकुट होता. म्हणजे युद्ध संपून सात वर्षे होईपर्यंत जे चिन्ह ठरलेच नव्हते ते या टोपीने युद्धात मिरविले, असे मानावे लागेल. येथे एक सावधगिरीची सूचना. तिसरे चार्ल्स यांनी २०२२ साली पुन्हा घुमटाकार मुकुट स्वीकारला. तेव्हा आजच्या नव्या बिल्ल्यांतही जुन्यासारखा मुकुट दिसणार, आणि केवळ मुकुटावरून निर्णय करण्याची सोय यापुढे तितकीशी उरणार नाही.

दुसरी गोष्ट धातूची. साध्या खाकी पोशाखावर इंग्रजी पद्धतीचा अंमलदार जो बिल्ला लावी तो काळपट काशाच्या रंगाचा असे. झळझळीत पितळ हे शिपायाचे. शिवाय खरा बिल्ला ठशाने दाबून काढलेला असतो, त्यामुळे सिंहाच्या आयाळीची रेघ न् रेघ मोजता येते. नकली बिल्ला बहुधा खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेला असतो. ओतकामात कडा बोथट होतात. आमच्या बिल्ल्यावरील शृंगाश्व पाहून नातवाच्या धाकट्या बहिणीने "ही बकरी का?" असे विचारले. तिच्या परीक्षेस आम्ही पूर्ण गुण दिले.

तिसरी गोष्ट आतील छापाची. शिपायास टोपी सरकार देई, म्हणून तिच्या आत सरकारी शिक्का व साल असावयाचे. अंमलदारास पोशाखासाठी भत्ता मिळे व तो आपली टोपी आपल्या पसंतीच्या टोपीवाल्याकडून करवून घेई. म्हणून अंमलदारी टोप्या कापडात, उंचीत, अस्तरात एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत आणि आत दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत असते. हेच नकलाकाराचे कुरण. एका प्रख्यात लंडनच्या दुकानाचे नाव छापले की टोपीचे मोल चौपट! नातवाच्या टोपीत असे नाव होते. परंतु शेजारीच शिपायाच्या टोपीत शोभणारा सरकारी बाणही होता. एकाच मुलास दोन शाळांचे दाखले असावेत, तसा हा प्रकार.

चौथी परीक्षा वाण्याच्या दुकानात झाली. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा त्याच्याकडे असतो. त्याखाली टोपी धरली तो शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकू लागला. कापड व दोरा उजळ दिसावा म्हणून जी रसायने वापरतात ती युद्धानंतर सर्वत्र प्रचारात आली. जुना सुती दोरा या दिव्याखाली सहसा निस्तेज राहतो. (नवीन साबणाच्या भुकटीत धुतलेला जुना कपडाही चमकतो हे खरे, पण टोपी कोण भिजवितो?) मग आतल्या शिवणीतला एक धागा नातवाने चिमट्याने काढला व निरांजनावर धरला. लोकर जळते ती केस जळाल्याचा वास सोडते व तिची राख बोटांत चुरडते. हा धागा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. पॉलिएस्टर! त्या धाग्याचा शोध युद्धात लागला खरा, पण बाजारात त्याचे कापड आले ते युद्धानंतर.

राहिली कसर. टोपीच्या मागील बाजूस चार भोके होती व विक्रेत्याने ती पुराव्यादाखल दाखविली होती. कसर ही फार प्रामाणिक परीक्षक आहे. ती लोकर खाते, पण वेडीवाकडी, वरवर कुरतडत. ही भोके वाटोळी, एकसारखी, आणि त्यांच्या कडा बोटास टणक लागत. आम्ही ती आमच्या सुनेस दाखविली. ती म्हणाली, "बाबा, ही उदबत्तीने पाडलेली आहेत." आमच्या मनात ते आले नव्हते. घामाच्या पट्टीस जो जुनाट रंग होता त्यास बुटाच्या पॉलिशचा वास येत होता, हे मात्र आमचे संशोधन.

या सर्व परीक्षेत आमच्या वाचक-भगिनींस अवघड असे काही नाही. पैठणीच्या पदराची जर खरी की खोटी हे त्या जसे ओळखतात तेच येथे चालते. वैमानिक अंमलदारांच्या टोप्यांवर कलाबतूचे भरतकाम असे. कलाबतू म्हणजे रेशमावर गुंडाळलेली सोन्याच्या पाण्याची चांदीची तार. ऐंशी वर्षांत तिची चांदी काळवंडते. आजची चकचकीत नक्कल प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची असते. तिला वय चढतच नाही. असे बिल्ले भरण्याचे काम आजही मुख्यतः आपल्याच बाजूच्या कारागिरांचे. सियालकोट हे तर त्याचे मोठे केंद्र आहे. साहेबाच्या पणतवाने साहेबाची टोपी हौसेने विकत घ्यावी, आणि तिचा बिल्ला पंजाबातल्या कारागिराने भरलेला असावा! रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात ज्या टोपीकरांपासून सावध राहण्यास सांगितले त्यांच्या डोक्याचे माप आता आम्ही घेऊ लागलो, हेही नसे थोडके.

नातू रडला नाही. "मग मला फसवलं," एवढेच म्हणाला, आणि दोन दिवस त्याने टोपीस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आम्हीच त्यास घेऊन निघालो. मुलुंडहून गाडीने सँडहर्स्ट रोड. या स्थानकाचे नाव इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयावरून पडले असे पुष्कळांस वाटते. ते वस्तुतः लॉर्ड सँडहर्स्ट या गव्हर्नरावरून पडले. त्यास डोंगरी म्हणावे असा ठराव २०२४ साली विधिमंडळात झाला आहे. तेथून पायी मटण स्ट्रीट. शुक्रवारी तेथील दुकाने बंद असतात व रस्त्यावर पहाटेपासून फुटकळ विक्रेत्यांचा बाजार भरतो, हे माहीत असल्यामुळे आम्ही वार पाहून गेलो. जुनी झुंबरे, ग्रामोफोनचे कर्णे, चित्रपटांचे जुने कागद, जहाजांची होकायंत्रे, आणि त्यांत निम्म्या वस्तू गेल्या वर्षी जन्मलेल्या. दुकानदार वयस्क, अदबशीर. आम्ही मुकुटाची गोष्ट सांगताच त्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, माल गोरेगावकडील चित्रपटांच्या पोशाखवाल्यांकडून गठ्ठ्याने येतो. त्यात काय खरे, काय खोटे, हे आम्ही विचारीत नाही. गिऱ्हाईक 'अस्सल' म्हणाले की आम्ही 'अस्सल' म्हणतो. आम्हांस हे उत्तर पटले नाही, पण त्यात एक सत्य होते. ती टोपी चित्रपटाच्या पोशाखपेटीत होती तोवर निष्पाप होती. मटण स्ट्रीटवर येऊन तिने 'अस्सल' हे नाव घेतले, तेव्हा ती खोटी झाली.

आपल्या नाटकमंडळ्यांत पेशव्याची पगडी पुठ्ठ्याची असे आणि शिंदेशाही पागोटे शिंप्याने एकदाच बांधून शिवून टाकलेले असे. त्यास कोणी लबाडी म्हटले नाही. युरोप-अमेरिकेत महायुद्धाच्या लढायांचे प्रयोग मैदानावर करणारी हौशी मंडळे आहेत. त्यांस अस्सल टोपी घालून चिखलात लोळणे परवडत नाही व शोभतही नाही. त्यांच्यासाठी उत्तम प्रतिकृती करणारे कारखानेच आहेत आणि त्यांतले सचोटीचे कारखानदार आपल्या मालात आपला शिक्का उठवितात. अमेरिकन वैमानिक टोपीच्या आतील तारेचे कडे काढून टाकीत, कारण कानांवर श्रवणयंत्र चढवावे लागे. त्यामुळे टोपी दोन्ही बाजूंनी चेपलेली दिसे, आणि ती चेपण हीच पुढे मोहिमा मारल्याची खूण ठरली. आज कारखान्यातून चेपूनच आलेल्या टोप्या विकत मिळतात. अनुभवाची प्रतिकृति ती हीच!

त्या दुकानात आणखी एक टोपी होती, आणि तिच्याविषयी लिहावे की न लिहावे असा आम्हांस बराच विचार पडला. ती काळी, उंच कपाळाची, रुपेरी दोरीची. वर गरुड, खाली मनुष्याची कवटी. जर्मनीच्या एस. एस. दलाच्या अंमलदाराची. तीही नक्कलच, परंतु किंमत आमच्या टोपीच्या दुप्पट. दुकानदार सहज म्हणाला की, तरुण पोरे येतात ती हीच आधी मागतात. नातवाने ती हातात घेतली. त्याचे डोळे चमकले हे आम्ही पाहिले, आणि त्यात त्याचा दोष नाही. ती टोपी डोळे चमकावेत म्हणूनच तशी बेतलेली होती. जर्मन टोप्यांचे शास्त्र मोठे रेखीव आहे. कडेच्या गोटाचा रंग पाहून पलटण ओळखता येते: पांढरा पायदळाचा, तांबडा तोफखान्याचा, गुलाबी रणगाड्यांचा. संग्राहकांस याची भुरळ पडते. पण कवटीचे काय? या दलाच्या हाती ज्या छावण्यांचा कारभार होता तो आणि त्याचे एकंदर कृत्य जमेस धरता सुमारे साठ लक्ष यहुद्यांचा जो संहार झाला त्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा. खुद्द जर्मनीत आज ही चिन्हे चारचौघांत मिरविणे हा फौजदारी गुन्हा आहे. आणि येथे नवी मुंबईत २००६ साली एका उपाहारगृहास हिटलरचे नाव देण्यात आले होते! यहुदी समाजाने हरकत घेतल्यावर ते बदलले.

आम्ही नातवास तेथे व्याख्यान दिले नाही. परतताना गाडीत आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगितली. ते गणित शिकवीत. बेने इस्रायल समाजाचे, मूळचे कुलाबा जिल्ह्यातील, घरी मराठी बोलणारे. ठाण्यास १८७९ साली बांधलेले जे शार हशामाइम नावाचे सिनेगॉग आहे तेथे ते जात. हा समाज कोकणात शतकानुशतके नांदला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत, आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत त्यांची जुनी चाकरी होती. एके वर्षी वेषभूषेच्या स्पर्धेत एक मुलगा हिटलर होऊन आला. मिशी, हाताची सलामी, सारे यथास्थित. शिक्षकांच्या खोलीत सर्व हसले. आम्हीही हसलो. आमचे सहकारी पेल्यातील चहा तसाच टाकून उठले, वर्गावर गेले आणि त्यांनी रिकाम्या वर्गात फळा पुसला. पुढे काही वर्षांनी ते इस्रायलास मुलाकडे गेले. त्या दिवसाविषयी आम्ही त्यांच्याशी कधी बोललो नाही. बोलावयास हवे होते. नातवाने विचारले, "त्या मुलाला बक्षीस मिळालं का?" मिळाले होते. दुसरे.

तात्पर्य, प्रतिकृति निर्जीव असली तरी ती कोणाच्या डोक्याची आहे हा प्रश्न सुटत नाही. आमच्या घरातील टोपीबद्दलही तो सुटलेला नव्हताच. मुकुटाची टोपी म्हणजे गुलामीची खूण, हे आजोबांचे मत. आणि तेही खोटे कसे म्हणावे? त्याच मराठा पलटणीतील जगन्नाथराव भोसले यांचे उदाहरण पाहा. सावंतवाडीकडील हे गृहस्थ खास सँडहर्स्टला शिकून अंमलदार झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ते युद्धकैदी झाले, आणि मग आझाद हिंद सेनेत जाऊन नेताजींच्या सरकारात मंत्रिपदापर्यंत चढले. स्वराज्यात ते लोकसभेवर निवडून आले व उपमंत्री झाले. एकाच मस्तकाने मुकुटाची टोपी वागविली आणि ती उतरवून आझाद हिंदची घातली. दुसरीकडे त्याच पलटणीचे यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले व तेथेच पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावास त्यांचा पुतळा आहे. ते नायक होते; त्यांच्या वाट्यास अंमलदारी टोपी कधी आलीच नाही. संग्राहकांच्या बाजारात अंमलदाराच्या टोपीस जो भाव आहे तो नायकाच्या टोपीस नाही. आम्हांस हे नेहमीच खटकते.

काही व्यावहारिक गोष्टी जाता जाता. नवी अथवा जुनी, लष्करी टोपी घरात ठेवण्यास अडचण नाही. परंतु आपण सैनिक आहोत असे लोकांस भासविण्याच्या हेतूने तसा पोशाख करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमाप्रमाणे त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नाटकात घालणे निराळे. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटचा हल्ला झाल्यावर सैन्यानेच लोकांस व दुकानदारांस या बाबतीत विनंती केली होती. दुसरे असे की, १९७२ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक वस्तू शंभर वर्षे पुऱ्या झाल्यावरच पुराणवस्तु ठरतात. म्हणून महायुद्धातील टोपीस 'अँटिक' म्हणणारा विक्रेता निदान कायद्याच्या दृष्टीने तरी घाईच करीत असतो.

असो. दुकानदाराने टोपी परत घेतली नाही, पण हजार रुपये परत दिले, व एका कागदाच्या चिटोऱ्यावर 'कॉपी' असे आमच्या सांगण्यावरून लिहून दिले. ते चिटोरे नातवाने जपून ठेवले आहे.

आता काकूंना दाखवावी की नाही? त्या नव्वदी ओलांडून गेल्या आहेत, दृष्टि मंद झाली आहे, स्मरण मात्र आमच्यापेक्षा धड. आमचा विचार न दाखविण्याचा होता. नातू म्हणाला, "कॉपी आहे असं सांगून दाखवू." तसे त्याने दाखविले. काकूंनी टोपी मांडीवर घेतली, उलटी केली, आणि आतील पट्टीवरून अंगठा फिरविला.

"यांची नव्हे ही. यांच्या टोपीला आत माक्याच्या तेलाचा डाग होता. किती सांगितलं, तेल लावून घालू नका."

"पण काकू," नातवाने विचारले, "ते ती ट्रंकेत ठेवायचे ना?"

"मामंजी असेपर्यंत. ते गेले त्या वर्षी, दिवस झाल्यावर, यांनी ट्रंकेतून काढली आणि त्याच खुंटीवर लावली. मामंजींची पांढरी टोपी होती तिच्याशेजारी. एक दिवसच. दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून ठेवल्या. मी विचारलं नाही." मग त्या आमच्याकडे वळल्या. "आणि बाळ, तू ती नाटकाला नेलीस, ती मीच दिली. हे गेल्यावर ती मला घरात बघवेना. तू हरवलीस म्हणालास तेव्हा बरं वाटलं. तसं सांगता येईना, म्हणून 'असू दे' म्हटलं."

आम्ही काय बोलणार? तीस-पस्तीस वर्षे जे आम्ही आमच्या नावे मांडून ठेवले होते ते खाते मुळात दुसऱ्याचेच निघाले.

टोपी आता बाहेरच्या खोलीतील काचेच्या कपाटात, काकांच्या तसबिरीशेजारी आहे. राणीच्या मुकुटाचा बिल्ला नातवाने काढून खणात टाकला. तसबिरीत दिसते तसे लाइट इन्फन्ट्रीचे शिंग कोठे मिळते का, याच्या शोधात तो आहे, आणि मिळाले तर नकलीच घ्यावयाचे असे त्याने ठरविले आहे. टोपीखाली त्याने आपल्या अक्षरात पाटी लावली: 'प्रतिकृति. मूळ टोपी १९९१ साली हरवली.' 'आजोबांच्या हातून' हे शब्द आम्ही घालावयास सांगितले. काकूंनी ते खोडावयास लावले.